रूपाबाईच्या कवड्या

मी मुनशी. हे नाव मला रूपाबाईनंच दिलं, कारण तांड्यात कोण आलं, कोण गेलं आणि जाताना कोणाच्या हातात काय होतं, ते मी दारात बसून बराबर ध्यानात ठेवतो.

त्याच सवयीनं सांगतो. करडू जन्मल्यापासून रूपाबाईचा हात माझ्या पाठीवर पडला तो एकदाच, आणि तोही तिचा पाय घसरला म्हणून. करडाला मात्र मांडी, गुळाचा खडा आणि गळ्यात घुंगरू. दुष्काळात सगळ्या शेळ्या विकाव्या लागल्या, त्यानंतर दाराशी आलेल्या पहिल्या शेळीचं हे पहिलं लेकरू, हे मला कबूल आहे. पण दुष्काळात मीही दाराशीच होतो. मला कोणी घुंगरू बांधलं नाही.

तेव्हा रूपाबाई लेकीच्या, कमलच्या, लग्नासाठी चुंबळ शिवत होती. घागरीखाली डोक्यावर ठेवायची चुंबळ, तिला मागं रुळणारा पट्टा, पट्ट्याला लाल लोकरीचे गोंडे आणि प्रत्येक गोंड्याला कवडी. सासरी पहिल्या दिवशी पाणी भरताना बाया नवरीचं तोंड नंतर बघतात, आधी तो पट्टा बघतात.

एका दुपारी दोन गोंडे कमी भरले. दुसऱ्या दुपारी आणखी तीन. रूपाबाईचा नवरा मोहनसिंग यानं माझा जबडा उघडून आत पाहिलं. सापडलं काहीच नाही, तरी काठी बसली. संध्याकाळी रूपाबाईचा भाऊ फुलसिंग आला. सकाळी मला पुसेगावला त्याच्या शेतावर न्यायचं ठरलं. तिथं राखण करायची आणि परत यायचं नाही.

म्हणजे माझ्याकडे एक सकाळ उरली. मी विचार केला. कावळा कवडी नेईल, लोकर कशाला नेईल? कमल स्वतःच्या लग्नाचे गोंडे चोरणार नाही. चुंबळ दुपारची ठेवतात कुठं? शेळी चरायला गेली की करडू तुराट्यांच्या डाल्याखाली झाकतात आणि वर दगड ठेवतात. पाण्याला जाताना रूपाबाई चुंबळ त्या दगडाशेजारी ठेवायची, पट्टा तुराट्यांच्या फटींवर लोंबायचा. कुत्रं जवळ आलं तर करडू ओरडेल, असा तिचा हिशेब. राखणीचं माझं काम तिनं त्याला देऊन टाकलं होतं, हे मला काठीपेक्षा जास्त लागलं.

सकाळी करडू बाहेर बागडत होतं. मी त्याच्या लेंड्या हुंगून आलो. त्यांत लाल लोकर होती.

पण हे सांगायचं कसं? भुंकलो असतो तर आणखी एक काठी. शेळी रानात गेली, करडू डाल्याखाली गेलं, पाण्याला निघताना रूपाबाईनं चुंबळ डाल्यावर ठेवली आणि फुलसिंगनं माझ्या गळ्यात दोरी अडकवली. पाच पावलं मी गरिबासारखा चाललो. मग हिसका दिला आणि सगळं अंग डाल्यावर टाकलं.

दगड गडगडला, डालं उलटलं. करडू उभं, तोंडात अर्धा गोंडा, आणि पायाशी मातीत रुतलेल्या, थुंकलेल्या पाचही कवड्या.

आता काठी कोणाला बसते ते मी पाहत होतो. सगळे हसायला लागले. मोहनसिंगसुद्धा हसला. रूपाबाईनं करडू उचलून मांडीवर घेतलं आणि त्याच्या तोंडातला धागा हळूच ओढत म्हणाली, "लग्नाची घाई कमलपेक्षा या करडालाच झाली म्हणायची."

ज्या गुन्ह्यासाठी मला काठी, त्याच गुन्ह्यासाठी त्याला मांडी.

फुलसिंगनं दोरी उचलली. "मग बाई, याला नेऊ का न्हाई?"

रूपाबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "न्हाई. मुनशी गेला तर या करडावर नजर कोण ठेवील?"

आता चुंबळ खुंटीला असते, करडू डाल्याखाली आणि मी डाल्याला लागून. काल त्यानं तुराट्यांच्या फटीतून तोंड काढून माझा कान चघळला. मी ओरडलो नाही. ध्यानात मात्र ठेवलंय.