पडघ्याला गेलेला डबा

हौसाच्या हाताला चव होती असं सगळेच म्हणत, पण तिच्या हातचं टिकतं, हे काल्हेर गावात तिच्या वैऱ्यांनाही कबूल होतं. तिनं खारवलेली सुरमई गणपतीपर्यंत तशीच राही, तिची सुकवलेली गवार आमटीत पडली की पुन्हा टवटवीत होई. सासू गेल्यापासून तीस वर्षं, वैशाखात पावसाळ्यासाठीचं वाळवण-खारवण सुरू झालं की पहिलं मीठ हौसाचंच पडे. मग बाकीच्या बायका हात घालीत.

दिवाळीनंतर तिचा नवरा केसरीनाथ गेला. पुढच्या वैशाखात धाकटी जाऊ द्रौपदी मिठाच्या बरणीवर हात ठेवून उभी राहिली.

"वयनी, या वरसी तू हात लावू नको. नवी सून आलीय घरान. तुजा हात आता चालत न्हाय."

अंगणात शेजारच्या सहा बायका विळ्या घेऊन बसल्या होत्या. एकीनंही मान वर केली नाही. ज्या हातांनी द्रौपदीची दोन बाळंतपणं काढली, ते हात नवरा मेल्याबरोबर विटाळले. हौसा उठली, पदर झटकला आणि आपल्या ओट्यावर जाऊन बसली. रडली नाही. चार माणसांत हिचं नाक कापलेलं बघायचं, एवढंच तिनं मनाशी ठरवलं.

द्रौपदीला तर सगळ्याचीच घाई. गोदामाला जमीन दिल्यावर घरावर स्लॅब चढला होता आणि त्याचा तिला भारी तोरा. अंगणातली वलांडी, म्हणजे बोंबील लटकवायचे बांबू आणि दोऱ्या, तिनं मोडून सरपणात टाकली आणि बोंबील सरळ स्लॅबवर पसरले. आता वलांडीवर बोंबलाला चहूकडून वारा लागतो, तो आतपर्यंत सुकतो. तापल्या सिमेंटवर तो वरून कडक होतो आणि पोटात ओला राहतो. त्यात उन्हातून उचलून गरम गरम डब्यात कोंबला, तर डब्याला आतून घाम फुटतो. भरण्याआधी रात्रभर सावलीत निवू द्यावा लागतो. हे सासूनं शिकवलं तेव्हा हौसा बांबू धरून उभी होती आणि द्रौपदी दुपारची झोप काढत होती.

चौथ्या दिवशी द्रौपदी नटूनथटून कुणाच्या तरी हळदीला निघाली. जाता जाता नव्या सुनेला, आपल्या मुलाच्या, भावेशच्या बायकोला, बोलली, "मृणाली, बोंबील भरून ठेव. पयला डबा तुज्या बापाकडं धाडायचा हाय."

मृणाली पडघ्याची. तिकडे खाडी नाही. नव्या सुनेच्या माहेरी पहिला डबा जायचा ही या घरची रीत होती आणि त्या डब्यावर घराची अब्रू होती.

पोर पाटी घेऊन खाली आली. ऊन अजून उतरलं नव्हतं.

"मोठ्या आई, हे आताच भरू का? हाताला चटका बसतोय."

निवू दे, एवढंच म्हणायचं होतं. हौसानं पोरीच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं.

"भर," ती म्हणाली. "झाकण घट्ट लाव."

त्या दिवसापासून हौसाला जेवण गोड लागू लागलं. वाट कशाची बघायची ते तिला पक्कं ठाऊक होतं.

आषाढात मृणालीचा बाप हिरामण तो डबा घेऊन एसटीनं आला. ओट्यावर आळीतली माणसं बसली होती. त्यानं डबा त्यांच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. वासानं दोघंजण उठून लांब झाले. आत अळ्या वळवळत होत्या.

"यीनबाय, आमी काय मागितलं नव्हतं," तो द्रौपदीला एवढंच बोलला.

द्रौपदीचा चेहरा खर्रकन उतरला. हौसानं तो डोळे भरून पाहून घेतला. पण ते सुख घशाखाली उतरायच्या आतच द्रौपदी सुनेकडे वळली.

"हिनं भरलं. मी तर घरान नव्हते. हिच्या हातालाच बरकत न्हाय. यापुढं कशाला हात लावू नको."

तेच शब्द. मृणाली बापासमोर भिंतीला टेकून उभी होती, दोन्ही हात पदराखाली लपवून. हौसाचा संताप संताप झाला. इतके दिवस शिजवलेला सूड ही बाई दुसऱ्याच्याच ताटात वाढत होती.

"तिनं मला इचारलं होतं," हौसा म्हणाली. "मीच भर म्हनून सांगितलं. गरम होतं, मला ठावं होतं."

"ठावं होतं नि भरायला सांगितलंस, वयनी?"

"तूच बोललीस, हात लावू नको. मी न्हाय लावला."

हिरामणनं झाकण पुन्हा बसवलं. द्रौपदी ओट्यावर मटकन बसली आणि हौसाला हवं होतं ते सगळं चार माणसांत मिळालं. तीस वर्षांचं नावही त्याच डब्यात सडलं, पण त्या दिवशी तिला त्याचं काहीच वाटलं नाही.

पुढच्या वैशाखात अंगणात वलांडी पुन्हा उभी राहिली. बांबू मृणालीनं स्वतः पुरले. बोंबील निवले का, ते ती एकेक गालाला लावून बघत होती. विचारलं तर या वेळी खरं सांगायचं, असं ठरवून हौसा सकाळपासून ओट्यावर बसली होती. मृणाली पाटी घेऊन तिच्यासमोरून तीनदा गेली. तिनं काही विचारलं नाही.