एकतीस किलोंनी वाढलेला पोपट

जनावरांच्या दवाखान्यात नोंदी सांभाळणाऱ्या बाई कामाला चोख होत्या, पण घाई त्यांच्या पाचवीला पुजलेली. डॉक्टर म्हणाले, "गेल्या महिन्यापेक्षा ज्यांचं वजन एकदम वाढलंय किंवा घटलंय, त्यांची यादी काढा."

बाईंनी लगेच संगणकावर क्वेरी, म्हणजे नोंदींतून हवं ते शोधून काढायची आज्ञा, लिहिली. मालकाचा फोन नंबर जुळला, की या महिन्याच्या वजनातून मागचं वजन वजा करायचं. चहा निवायच्या आत चाळीस जणांची यादी तयार! डॉक्टरांनी ती न वाचताच पुढच्या टेबलावरच्या मुलीकडे सरकवली आणि तिनं फोनांचा सपाटा लावला.

तासाभरात एक निवृत्त मास्तर छातीशी पिंजरा धरून धापा टाकत आले.

"अहो, हा एकतीस किलोंनी वाढलाय म्हणे! मी तर याला एका हातानं उचलून आणलंय!"

पिंजऱ्यातला पोपट मान वाकडी करून बाईंकडे बघत राहिला.

"काका, घरी आणखी कोण असतं?" बाईंनी विचारलं.

"बायको. पण तिचं वजन तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तसं नव्हे हो! जनावर?"

"कुत्रा आहे की. या महिन्यात त्यालाच आणलं होतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. गेल्या महिन्यात पोपट, या महिन्यात कुत्रा, फोन नंबर मात्र एकच. त्यांच्या क्वेरीनं कुत्र्यातून चक्क पोपट वजा केला होता.

मास्तरांची माफी मागून त्यांनी क्वेरी पुन्हा लिहिली. या वेळी प्रत्येक जनावराचा स्वतःचा नोंदणी क्रमांक जुळवला. चाळिसांचे तीन उरले, आणि सगळ्यात वर होती डॉक्टरांचीच मांजर. महिन्यात दोन किलो!

"पुन्हा घोळ घातलात," डॉक्टर म्हणाले. "ती तर चिमणीएवढं खाते."

"घेऊन या. काट्यावर ठेवू."

दुसऱ्या दिवशी मांजर काट्यावर बसली. म्हणजे सांडलीच. आकडा बाईंचाच खरा निघाला. डॉक्टरांनी तिथूनच घरी स्पीकरवर फोन लावला आणि मांजरीला खायला कोण देतं, ते विचारलं.

"मी देते दुपारी," आई म्हणाली. "तुम्ही कुणी बघत नाही, म्हणून."

"मी देते संध्याकाळी," बायको म्हणाली. "तुमच्या आईंच्या लक्षात राहत नाही, म्हणून."

डॉक्टरांनी फोन ठेवला आणि घसा खाकरला.

"आणि सकाळी?" बाईंनी विचारलं.

"सकाळी..." डॉक्टर मांजरीकडे बघत हळूच म्हणाले, "ती माझ्याच पायाशी येऊन ओरडते हो."