पेहरावाचा रकाना

मी एक जुना रकाना आहे. सफरचंदांच्या बागांमधल्या एका गावाच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वृद्धांची खबर देण्याचा अर्ज आहे, त्यातला सहावा. माझ्यावर लिहिलंय : अंगावरचे कपडे.

नगर कचेरीतल्या नारितासाहेबांनी मला नऊ वर्षांपूर्वी घडवलं. अर्जामागे माहितीचा एक संच असतो. त्यातल्या 'पेहराव' नावाच्या कप्प्याशी त्यांनी माझी गाठ बांधली. माझ्यात लिहिलेलं त्या कप्प्यात जायचं आणि गावभरच्या भोंग्यांवर वाचलं जायचं. एकदा लाल टोपीवरून एक आजोबा वीस मिनिटांत सापडले. तेव्हा मित्रांनो, साहेब येईल त्याला माझंच कौतुक सांगत होते.

या जानेवारीत त्यांनी संच नव्याने रचला. कप्प्याचं नाव 'पेहराव'ऐवजी 'वस्त्रे' केलं. माझ्याकडची गाठ मात्र जुन्याच नावाची राहिली. आठवडाभर कोणी हरवलं नाही, म्हणून कोणाला कळलंही नाही.

मग एका दुपारी तोमोए कासाई नावाच्या बाईने घाईघाईने लिहिलं : जांभळा स्वेटर, उलटा घातलेला. एका पायात गमबूट, दुसऱ्यात सपात. तिच्या सासूबाई किसा भर बर्फात घराबाहेर पडल्या होत्या. तिने 'पाठवा' दाबलं. मी 'पेहराव' शोधत राहिलो. त्या नावाचं तिथे कोणीच नव्हतं. पान मिटलं आणि तिचे शब्द माझ्या हातातच विरले. मला ओरडता येत नाही हो!

भोंगा म्हणाला, "किसा कासाई, वय ब्याऐंशी. कपडे : माहिती नाही."

तोमोएने पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच. मग तिने कचेरीत फोन लावला.

"माहिती नाही म्हणजे? दोनदा लिहिलंय मी!"

"ताई, इथे तर कोरंच दिसतंय."

"तुमच्या डोळ्यांवर बर्फ साचलाय का? लिहून घ्या, सांगते!"

नवी घोषणा होताच बागवाले मिकामी यांचा फोन आला. "जांभळा स्वेटर? अहो, मघाशी कालव्याकडे जाताना पाहिलं की मी त्यांना! पहिल्यांदाच सांगितलं असतंत तर..."

मधे पाऊण तास गेला होता. किसाआजी कालव्याकाठी सापडल्या. जीव वाचला, गोठलेले पाय वाचले नाहीत.

साहेबांनी त्याच दिवशी माझी गाठ नीट बांधली. महिन्याने तोमोए कचेरीत आली, तेव्हा ते माफी मागायला कमरेत वाकले ते वाकलेलेच राहिले. "आता सगळं चालतंय, ताई. पुन्हा कधी त्या बाहेर पडल्या तर..."

"आता कुठे पडणार आहेत त्या बाहेर?" ती म्हणाली.

मित्रांनो, आमच्या गाठी अधूनमधून तपासत जा. आणि रकाना कोरा दिसला, तर समोरच्याने काही लिहिलंच नाही असं धरून चालू नका. एकदा विचारा.