मेरीला हळदकुंकू

सुलभाकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आटोपून मृदुला लेकीला, इरावतीला, आणायला शाळेत गेली. न्यूझीलंडच्या लोअर हटमधली कॅथलिक मुलींची शाळा. टेनिस कोर्टामागे दगडी कोनाड्यात मेरी उभी, पांढरीशुभ्र. समोर देवी आणि पर्समध्ये करंडा! कपाळापर्यंत हात पुरेना, म्हणून मृदुलाने चपला काढून तिच्या पायांनाच हळदकुंकू लावलं. आता सांगा, यात काय आभाळ कोसळलं?

कोसळलं की! पाऊस आला, लाल ओघळ चौथऱ्यापर्यंत उतरले आणि शाळेत बोंब उठली, कुणीतरी मूर्तीची विटंबना केली. मृदुला आपणहून मुख्याध्यापिका केरिगनबाईंकडे गेली, "मी लावलं" म्हणाली आणि बादली-ब्रश घेऊन ते पाय लख्ख धुऊनही दिले.

"आता सॉरी म्हणा," बाई म्हणाल्या. "नाहीतर सणाला इतिहास इरावती वाचणार नाही."

वर्मावरच बोट ठेवलं बाईंनी. त्या कोनाड्याला यंदा, २००६ मध्ये, पन्नास वर्षं होत होती. त्याचा इतिहास इरावतीने म्हाताऱ्या माजी विद्यार्थिनींच्या घरी खेटे घालून लिहिला होता, आणि मे महिन्यातल्या मेरीच्या सणाला तो वाचायचा मान तिचा होता.

मृदुलाचा नुसता संताप झाला. डाग धुतला, ठीक आहे. पण नमस्काराची कसली माफी? तरी पोरीसाठी तिने तोंड उघडलंच.

"आई, डोन्ट यू डेअर," शेजारी उभी इरावती म्हणाली.

सणाच्या दिवशी तो इतिहास केरिगनबाईंनी स्वतःच वाचायला घेतला. त्यात नदीतले दगड वाहून आणणाऱ्या मुली आल्या, ते रचणाऱ्या नन्स आल्या. सामोआ बेटांवरून आलेल्या मुलींच्या आया मेरीला शिंपल्यांच्या माळा घालायच्या आणि शाळा त्या दुसऱ्या दिवशी काढून टाकायची, एवढं मात्र बाईंनी सफाईने गाळलं.

"यू मिस्ड अ बिट, मिस!" इरावती तिसऱ्या रांगेतून उठली. हातात कागद नव्हता. माळांचा सगळा भाग तिने खणखणीत आवाजात म्हणून दाखवला. बाई बस-बस म्हणतायत, पण ही कसली बसते! "आणि यंदा," ती इंग्रजीत म्हणाली, "माझ्या आईने तिला हळदकुंकू लावलं. आईला माफी मागायला सांगितलं. तिने मागितली नाही."

सगळ्या माना वळल्या. कुठली ही आई, म्हणून लोक शोधायला लागले.  पण लोकांना शोधायचे कष्ट तरी कशाला? पदर सावरून मृदुला उभी राहिली.