शुक्रवारचा ललत

मी बोलतोय, हळर्णच्या सगुण परबांच्या स्वयंपाकघरातला रेडिओ. बोलणं हे माझं कामच आहे, पण आजवर बोललो ते सगळं दुसऱ्यांचं. बातम्या, बाजारभाव, हवामान, भाताला खत कधी घालावं, कुणाकुणाची गाणी. मला स्वतःला काही सांगायचं असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. तसं माझ्याही मनात आलं नव्हतं, गेल्या महिन्यातल्या त्या आठवड्यापर्यंत.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला नीट आठवत नाही. आठवतं ते म्हापशाचं एक दुकान आणि सुमंगलाचा हात. सुमंगला म्हणजे सगुणची बायको. छत्तीस वर्षं झाली त्याला. दुकानदारानं तिला माझ्यापेक्षा मोठे, चकचकीत रेडिओ दाखवले. तिनं प्रत्येकाला कान लावला आणि एकच गोष्ट विचारली, "ह्याच्यातून मागचा वाद्य ऐकू येता?" दुकानदाराला प्रश्नच कळला नाही. शेवटी तिनं मला उचललं. मी स्वयंपाकघरातल्या फळीवर मावेन इतकाच होतो.

त्या प्रश्नाचं कारण असं. सगुणची नदीकाठी थोडी शेती, वर डोंगराला काजूची बाग. पण त्याचा हात तानपुऱ्यावर बसलेला होता. गवयाच्या मागे बसून तानपुरा धरणं हे काम दिसायला सोपं. चार तारा एकामागून एक छेडत राहायच्या, तासभर, न थांबता, न चुकता. पुढचा गातो, तबलजी वाजवतो, लोक त्यांच्याकडे बघतात. मागच्याकडे कुणी बघत नाही. पण तो थांबला तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच जाते. सगुणला शहरातल्या रेडिओ केंद्रावरून तानपुऱ्याच्या साथीसाठी बोलावणं आलं, आणि नवऱ्याचा तानपुरा घरी ऐकता यावा म्हणून सुमंगलानं मला आणलं.

पुढची चौदा वर्षं मी त्या घरात मानानं राहिलो. ज्या दिवशी सगुणनं साथ केलेलं गाणं लागणार, त्या दिवशी सुमंगला चुलीवरचं खाली उतरवायची. लहानग्या गौरेशला मांडीवर घ्यायची. "ऐक, तुझो बापूस," म्हणायची. गौरेश विचारायचा, खंय? मला तर बाईच ऐकू येते. ती सांगायची, मागे. आणखी मागे. पोराला कधी ते ऐकू आलं की नाही, मला माहीत नाही. गाणं संपलं की निवेदक गाणाऱ्याचं नाव घ्यायचा, तबल्याचं घ्यायचा, पेटीचं घ्यायचा. वेळ उरला तर तानपुऱ्याचं. बहुतेक वेळा उरत नसे.

मग बावीस वर्षांपूर्वीची ती संध्याकाळ. सगुण केंद्रावरून लवकर परत आला आणि पाटावर बसून राहिला. चहा निवला. सुमंगलानं दोनदा विचारलं. तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मी फळीवरून ऐकलं.

आनंदीबाई गायला आल्या होत्या. डिचोलीच्या. सत्तरी उलटलेल्या, कित्येक वर्षं त्यांनी माईकसमोर गाणं केलं नव्हतं. सगुणच्या लेखी त्यांच्या मागे बसायला मिळणं म्हणजे देवाच्या मागे बसणं. राग ललत. बाहेर श्रावणातली दमट हवा, आत स्टुडिओत थंडगार. बाईंचं गाणं ऐन रंगात आलं आणि तानपुऱ्याची एक खुंटी सरकली. शेवटची तार, सगळ्यांत खालच्या सुराची, खर्जाची. ती ढासळली. सगुणनं एका हातानं बाकीच्या तारा चालू ठेवल्या आणि दुसऱ्या हातानं खुंटी पिळून खर्ज परत जागेवर आणला. गाणं पुरं झालं. पण शेवटचा सूर विरतो न विरतो तोच तो तानपुरा खाली ठेवून दाराबाहेर पडला. कुणाकडे न बघता स्टँडवर आला आणि मिळाली ती बस धरली.

"बाईचा गाणा माज्या हातान नासला," तो म्हणाला.

त्याला कुणी बोललं नव्हतं. कुणी दोष दिला नव्हता. दोष ऐकायला तो थांबलाच नव्हता. त्यानंतर केंद्रावरून दोन पत्रं आली. पहिल्याला सुमंगलानं, ते आजारी आहेत, असं उत्तर लिहिलं. दुसरं पत्र तिनं माझ्या पाठीमागे फळीवर ठेवलं. ते तिथंच पिवळं पडलं. घरचा तानपुरा त्यानं गावच्या देवळात नेऊन दिला. पुढच्या वर्षी आनंदीबाई वारल्या. ती बातमीही मीच सांगितली. सगुण त्यांच्या घरी गेला नाही. कोणत्या तोंडानं जाऊ, असं सुमंगलाला म्हणाला.

ते गाणं कधी लागलं नाही. सगुण धरून चालला की टेप पुसून टाकली असणार.

घर हळूहळू रिकामं झालं. गौरेशला तुयेच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली, लग्न होऊन तो आणि सेजल तिकडेच राहायला गेले. रविवारी येतात. बाप गाण्यातून का उठला ते गौरेशला कधी कळलं नाही. बाबांना कंटाळा आला, एवढंच त्याला ठाऊक. तीन वर्षांपूर्वी सुमंगला गेली. तेव्हापासून मी सकाळी बातम्यांपुरता आणि संध्याकाळी बातम्यांपुरता. मधले तास फार लांब असतात. सगुण जेवताना बोलत नाही, मला बोलता येत नाही. पदेर सायकलचा भोंगा वाजवत येतो, पाव देतो, दोन शब्द बोलून जातो. दिवसभरात त्या घरात झालेलं बोलणं पुष्कळदा तेवढंच.

गेल्या महिन्यात केंद्रानं जाहीर केलं की सोमवारपासून आठवडाभर रोज सकाळी साडेसहाला शास्त्रीय संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचा सप्ताह होणार. सगुणनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सोमवारी मात्र साडेसहाला मला लावलं.

सोमवारी सतार होती. मंगळवारी एका गवयाचा भैरव लागला आणि दोन मिनिटांतच सगुणचा हात मांडीवर हलायला लागला. मधलं बोट एकदा, तर्जनी तीनदा, परत तेच. तानपुरा त्याचाच होता. बुधवारीही त्याचाच निघाला. तेवढा वेळ त्याची मान ताठ झाली, चेहरा बदलला. संपल्यावर तो चुलीच्या बाजूला वळला, जिथं सुमंगला बसायची तिथं. 

गुरुवारच्या कार्यक्रमाच्या शेवटी निवेदिकेनं दुसऱ्या दिवसाचं सांगितलं. आनंदीबाईंचं आजवर प्रसारित न झालेलं ध्वनिमुद्रण, राग ललत. सगुणनं मला बंद करताना माझा कान असा पिळला की खटकन आवाज झाला.

शुक्रवारी साडेसहा वाजले. त्यानं मला लावलं नाही. अंगणात गेला, तुळशीपाशी उभा राहिला, गोठ्याकडे गेला. गोठ्यात आता काही नाही. मी फळीवर गप्प. बावीस वर्षं ज्या गाण्याची भीती बाळगली ते आता घराघरांत वाजत होतं आणि ज्यानं ते ऐकायला हवं तो अंगणात फिरत होता. मला हात असते तर मीच सुरू झालो असतो.

बऱ्याच वेळानं तो आत आला आणि मला लावून पाटावर बसला.

बाई गात होत्या. म्हातारा, थोडा खरखरीत, पण अगदी स्थिर आवाज. मागे तानपुरा. सगुणनं डोळे मिटले होते. सुरुवात हुकली होती, म्हणून ती जागा आता येणार की मग येणार हे त्याला कळत नव्हतं. प्रत्येक आवर्तनाला तो अंग आवळत होता, मार बसणार असल्यासारखा.

आणि ती जागा आली. खर्ज ढासळला. माझ्याच पोटातून तो बाहेर पडला, मी काय करणार. बाईंनी ऐकलं, ते मला स्पष्ट कळलं. त्यांनी घेतलेली तान पुढे नेली नाही. त्या षड्जावर, मूळच्या सा वर, आल्या आणि तिथं थांबल्या, लांब, संथ, अंधारात कुणासाठी दिवा धरून उभं राहावं तशा. मागे खर्ज चाचपडत वर आला, आला आणि त्यांच्या सुराला येऊन चिकटला. मग बाई पुढे निघाल्या.

सगुणनं मोजलं नसेल, मी मोजलं. अकरा सेकंद.

गाणं पुढे गेलं, जलद लयीतली द्रुत चीज झाली, संपलं. सगुण तसाच बसलेला. आणि मग, निवेदिका बोलायच्या आधीच्या त्या मोकळ्या क्षणात, टेपवरून बाईंचा आवाज आला. गाण्याचा नव्हे, बोलण्याचा.

"सगुण, खर्ज..."

एवढंच. आवाज विरत गेला आणि निवेदिका नावं सांगू लागली. आनंदीबाई, तबला, पेटी. तानपुऱ्याचं नाव आलं नाही. ते सगुणच्या लक्षातही आलं नाही. तो उठून माझ्यासमोर उभा राहिला होता. जणू मी पुढचं सांगेन.

दहा वाजता त्यानं केंद्राला फोन लावला. गौरेशनं त्याचा फोन स्पीकरवरच ठेवून दिलाय, कारण सगुणला एका कानानं कमी ऐकू येतं. त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. श्रद्धा नावाची मुलगी बोलत होती. सगुणला सांगताच येईना. आजच्या गाण्याच्या शेवटी बाई काहीतरी बोलतात, ते पुढे काय आहे, असं त्यानं तीनदा विचारलं. ती समजूतदार होती. जुन्या टेपा कॉम्प्युटरवर घेताना हे गाणं सापडलं, शेवट तिनंच कापला होता, मूळ टेप बघून उद्या कळवते, असं म्हणाली. नाव विचारलं तेव्हा सगुण नुसतं, हळर्णहून बोलतोय, असं म्हणाला.

शनिवारी तो सकाळपासून फोन समोर ठेवून बसला. सप्ताहातलं त्या दिवशीचं गाणं मी गायलो, पण त्यानं ऐकलं असं मला वाटत नाही. पदेर भोंगा वाजवून वाजवून निघून गेला. दुपारी जेवणाच्या वेळेला फोन आला.

"काका, मिळालं," श्रद्धा म्हणाली. "लावते हं. नीट ऐका, आवाज लहान आहे."

आधी तानपुऱ्याची विरत जाणारी शेवटची तार. मग काहीतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आणि घाईची पावलं. मग बाई.

"सगुण, खर्ज बरो धरलंस रे. दुसरो असतो तर सोडून दिलो असतो."  एक दार मिटल्याचा आवाज. मग बाईंचा आवाज जरा दुरून, मान वळवून बोलल्यासारखा. "अरे, खंय गेलो ह्यो?"

टेप तिथं संपली.

सगुण फोनकडे बघत होता. त्यानं तो दोन्ही हातांत धरला होता. मी त्या घरात छत्तीस वर्षं काढली, त्याला रडताना दोनदा पाहिलंय. हे रडणं नव्हतं. कुणी हाक मारली की माणूस जसा झटकन उभा राहतो, तसा तो उभा राहिला.

"हयच आसंय, बाई," तो म्हणाला.

"काय म्हणालात, काका?" श्रद्धानं विचारलं.  मग तीच हळू आवाजात म्हणाली, "टेपच्या कार्डावर तानपुऱ्याचं नाव नाहीये. ते तुम्हीच का?"

"होय बाय. मीच तो."

तिनं नाव विचारलं. त्यानं सांगितलं, सगुण परब. अक्षरं नीट लिहून घेतलीस ना, म्हणून परत एकदा सांगितलं.

फोन ठेवल्यावर तो बराच वेळ स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत राहिला. हे सांगायला घरात कुणी नव्हतं. जिनं एकोणीस वर्षं हा घोर त्याच्याबरोबर वाहिला, ती तीन वर्षं आधी निघून गेली होती. त्यानं गौरेशला फोन लावला. गौरेश शिफ्टवर होता, मागे यंत्रं चालली होती. बाबा, तब्येत बरी ना, असं त्यानं विचारलं. सगुण म्हणाला, बरी. रविवारी ये. जरा वेळ काढून ये, माका तुका एक सांगायचा आसा.

मग पायांत चपला घालून तो देवळाकडे गेला. दिवेलागणीला परत आला तेव्हा त्याच्या मधल्या बोटावर तारेची लाल रेघ उमटली होती. त्याच बोटानं त्यानं मला लावलं. बातम्या चालू होत्या. तो ऐकत नव्हता, बोटाकडे बघत होता.

रविवारी गौरेश आला. बापलेक स्वयंपाकघरात बसले, सगुणनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. गौरेश खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, मला लहानपणी खरंच ऐकू आलं नव्हतं, बाबा. आईला वाईट वाटू नये म्हणून हो म्हणायचो.

आता सगुण रोज सकाळी देवळात जातो. बातम्यांची वेळ टळून जाते, मी तसाच बंद राहतो. माझ्या बॅटरीच्या खणात गंज चढलाय, आवाजही मधूनच चिरकतो. घरात माझ्याशिवाय कुणी नाही आणि मला लावणारा इथं नाही, तेव्हा सकाळ फार शांत असते. तक्रार नाही. इतकी वर्षं मी बोलायचो आणि तो गप्प असायचा, आता उलटं झालंय.

श्रद्धा म्हणाली होती की तो ललत परत कधीतरी लावतील. कधी, ते तिला सांगता आलं नाही. तोवर मी टिकेन असं वाटत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगून ठेवतोय. तुमच्या घरात तो लागला, आणि गाणं संपलं, तर लगेच रेडिओचा कान पिळू नका. बाईंचं नाव येईल, तबलजीचं येईल, पेटीवाल्याचं येईल. तुम्ही आणखी थोडं थांबा.