पिवळ्या माशांचे पट्टे

पाण्यात घालायच्या मास्कच्या काचेत, डाव्या भिंगाच्या कडेला, मोहरीएवढा बुडबुडा राहिला होता. भिंग चिकटवताना हात जरा लवकर उचलला की असा हवेचा थेंब आत अडकतो. ताईच्या कामात तो कधी सापडत नसे. धाकटीने त्यावरून बोट फिरवलं आणि मास्क डोळ्यांवर चढवला.

दोघी बहिणींचं चष्म्याचं दुकान होतं. पुढच्या खोलीत धाकटी गिऱ्हाइकांचे नंबर काढायची, मागे ताई भिंगं घासायची. वर्षापूर्वी डॉक्टरांनी ताईला सांगितलं होतं, मधली नजर चालली आहे, हे काम आता सोडा. ताई ‘बघू’ म्हणाली. तेव्हापासून दर महिन्याला ती धाकटीसमोर बसून तक्त्यावरची अक्षरं घडाघडा म्हणायची. तक्ता तिला पाठ होता. धाकटीला ते ठाऊक होतं, आणि ती मान डोलवून पुढच्या ओळीवर जायची.

धाकटीच्या दोन डोळ्यांचे नंबर फार वेगळे. या समुद्रसहलीसाठी ताईने हट्टाने मास्कच्या आत तिच्या नंबरची भिंगं बसवली होती.

होडी बेटाजवळ थांबली. बेटावर घर नाही, वाट नाही. थोडी झुडपं आणि कुणी न तुडवलेली वाळू. ताई होडीच्या कडेवर पाय सोडून बसली. धाकटी नळी तोंडात धरून पाण्यावर पालथी पसरली.

खाली सगळं विरघळलेलं होतं. प्रवाळांना कडा नव्हत्या. निळ्यातून जांभळं निघे आणि पुन्हा निळ्यात जाई. पिवळे ठिपके येत, फुलत, पातळ होत. तिचा स्वतःचाच श्वास कुणी दुसरं झोपेत घेत असल्यासारखा ऐकू येत होता. बराच वेळ ती तशीच तरंगली. मग सवयीने तिने एकेक डोळा मिटून पाहिला.

भिंगांची अदलाबदल झाली होती. उजव्याचं डावीकडे, डाव्याचं उजवीकडे.

एक पिवळा ठिपका धरायला तिने हात लांबवला. बोटांना फक्त पाणी लागलं.

होडीपाशी येऊन तिने नळी काढली, मास्क कपाळावर सरकवला.

“दिसतंय का नीट?” ताईने विचारलं.

“छान दिसतंय.”

“काय काय?”

“मासे. पिवळे. झुंडीच्या झुंडी.”

“पट्टे आहेत त्यांच्यावर?”

धाकटीने केसांतलं पाणी निपटलं. “आहेत की. काळे, बारीक.”

“पट्टे कुठले, मॅडम?” नांगराची दोरी आवळता आवळता नावाडी हसला. “हे नुसते पिवळे. पट्टेवाले बेटाच्या पलीकडे राहतात. यांचं त्यांचं पटत नाही.”

ताई हसली नाही. तिने हात पुढे केला.

“दे इकडे.”

“अगं, मी अजून एक फेरी मारून...”

“दे.”

ताईने मास्क मांडीवर घेतला. त्याच्याकडे न बघता आतून अंगठा फिरवला, एका भिंगाच्या जाड कडेवरून, मग दुसऱ्याच्या पातळ कडेवरून. पुन्हा एकदा.

“मी तुला ओळी म्हणून दाखवते,” ती म्हणाली, “आणि तू ऐकून घेतेस.”

धाकटी होडीची कड धरून पाण्यातच राहिली.

“बोटांना कळलं असतं गं. पण मी भिंगावरची डाव्या-उजव्याची खूण वाचायला गेले.”

नावाडी दुसरीकडे बघू लागला. ताईने मास्क विसळला, त्याचा पट्टा सरळ केला आणि धाकटीच्या हातात दिला.

“भिंगं घासायला माणूस बघ,” ती म्हणाली. “मी आता थांबते.”