दुलारीच्या दाढेतली चांदी

दिवाळीनंतर दुलारीच्या उजव्या हाताचा अंगठा हलायला लागला. मांडीवर हात ठेवून बसली, की अंगठा बोटावर घासत राहायचा, धानाचा दाणा सोलून पाहावा तसा. हात कामाला लागला की थांबायचा. म्हणून तिनं लक्ष दिलं नाही. लक्ष दिलं ते तिच्या नवऱ्यानं, लक्ष्मीचंदनं.

"थंडीनं होत असन," ती म्हणाली.

लक्ष्मीचंदला मात्र तिच्या दाढा आठवत होत्या. बारा वर्षांपूर्वी तीन दाढा किडल्या, तेव्हा तोच तिला गोंदियाला घेऊन गेला होता. पांढरं भरू की चांदी, असं डॉक्टरनं विचारलं. दुलारीला पांढरं हवं होतं. हसताना काळं दिसू नये म्हणून. "चांदीच भरा, मजबूत राहते," हा म्हणाला, आणि तसंच झालं. आता मोबाइलवर एक माणूस सांगत होता, की त्या चांदीत पारा असतो, तो मेंदूत चढतो आणि हात थरथर कापायला लागतात. लक्ष्मीचंदनं तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. दुलारीला एकदाही दाखवला नाही.

"दात तपासून घेऊ," एवढंच सांगून त्यानं तिला मोटरसायकलवर बसवलं आणि चोरखमारा तलावाच्या रस्त्यानं गोंदियाला नेलं. जुने डॉक्टर आता नव्हते. त्यांच्या जागी ओमेश्वरी नावाची तरुण डॉक्टरीण होती. तिनं दाढा पाहिल्या.

"चांगल्या आहेत की, काकू. त्रास काय आहे?"

"तिनई दाढांतली चांदी काढून टाका," लक्ष्मीचंद म्हणाला.

"काऊन?" दुलारी खुर्चीतून अर्धी उठली.

मग त्याला सांगावंच लागलं. खाली फरशीकडे बघत त्यानं व्हिडिओ सांगितला, पारा सांगितला. "मीच म्हनलो होतो चांदी भरा. तुले तर पांढरं पायजे होतं."

डॉक्टरीण हसली नाही. "चांदीत पारा असतो, काका, ते खोटं नाही. गरोदर बायांना आणि लहान लेकरांना आम्ही ती भरत नाही. पण तिच्यानं हात कापायचा आजार होतो, असं आजवरच्या अभ्यासात सिद्ध झालेलं नाही. चांगली बसलेली चांदी मशीननं फोडली, तर उलट पाऱ्याची वाफ उडते. मी नाही काढणार."

बोलता बोलता तिची नजर दुलारीच्या मांडीवर गेली. अंगठा चालूच होता.

"काकू, फोडणीचा वास येतो तुम्हाला?"

दुलारीनं मान हलवली. "दोन वर्सं झाले, नाई येत."

लक्ष्मीचंदनं चमकून तिच्याकडे पाहिलं. दोन वर्षांत किती वेळा भाजी करपली होती, आणि त्यानं दर वेळी "ध्यान कुठं रायते तुजं?" म्हणून तिची थट्टा केली होती.

"सांगतलं काऊन नाई?"

"तुमी हसत होते. मले बी हसू ये."

डॉक्टरणीनं मेंदूच्या डॉक्टरचं नाव लिहून दिलं. पुढच्या आठवड्यात तिथं कळलं: कंपवात, नुकताच सुरू झालेला; वास जाणं ही त्याचीच आधीची खूण. पूर्ण बरा होत नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो, आणि रोज चालायचं, लांब टांगा टाकत.

परतताना लक्ष्मीचंदनं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली. उतरून उगाच चाक दाबून पाहू लागला.

"आता का झालं तुमाले?"

"पांढरं भरलं असतं तर..."

"आयकलं नाई का त्या पोरीनं का सांगतलं ते? बारा वर्सं मी याच दाढांनं चने खाऊन राहिली." तिनं त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, कापणाऱ्याच हातानं. "तुमच्यावर रागवाले मले दुसऱ्या गोष्टी कमी आहेत का?"

तो हसला, आणि हसता हसता त्यानं गमछ्यानं डोळे पुसले.

आता दुलारी चुलीपाशी बसली, की लक्ष्मीचंद पाटावर असतो. कांदा कधी लाल झाला ते तो सांगतो, कधी चुकतोही. आणि सकाळी दोघं नहराच्या पाण्याकडेनं, पाळीवरून चालतात. तो पुढून मोठ्यानं म्हणतो, "लांब टांग! लांब!"

"हव, टाकून राहिली," ती मागून ओरडते. "तुमी रस्त्यातून सरका आधी."